बुंध्यावरचं देणं

त्या बरणीत एकतीस वस्तू होत्या. बाईंनीच मोजायला सांगितल्या, म्हणून मी मोजल्या. आपल्याकडे लोणच्याची असते तेवढी काचेची बरणी, झाकणाला गंज चढलेला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी ती हलक्या हाताने रिकामी केली. नदीतले गोटे, त्यातला एक शाळिग्रामासारखा काळाभोर. गर्द निळी पिसं. हरणाच्या शिंगाचा बोटभर तुकडा. कडा झिजून बोथट झालेली हिरवी काच. एक गंजलेला नट. लहान मुलाच्या स्वेटरचं लाल बटण, त्यात दोरा अजून अडकलेला.

"हे सगळं त्याने दिलेलं," बाई म्हणाल्या. "सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत एवढंच. पण दिलंय."

त्याने म्हणजे कुणी, हे मला विचारावं लागलं नाही. मी राहते तो भाग अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, कोलंबिया नदीच्या उत्तर काठावर, वॉशिंग्टन राज्यात. इथे पेट्रोल पंपापासून गाड्यांच्या काचांपर्यंत सगळीकडे त्याची केसाळ, लांब हातांची आकृती असते. इथल्या रानात राहतो असं लोक सांगतात, पण कधी हाती लागला नाही, असा तो माणसासारखा प्राणी. कुणी त्याला बिगफुट म्हणतं, कुणी सास्क्वॉच. बाई मात्र नाव घेत नाहीत, नुसतं 'तो' म्हणतात. ते ऐकून मला पहिल्या दिवशीच आजीची आठवण झाली होती. वेंगुर्ल्याकडे तिच्या तोंडीसुद्धा राखणदाराचं नाव कधी आलं नाही. तिन्हीसांजेनंतर तर नाहीच. "तो बघता हा," एवढंच.

बाई माझ्या शेजारी राहतात. वय त्र्याहत्तर. शाळेची बस चालवून निवृत्त झाल्या. आम्हा दोघींची ओळख कढीपत्त्यावरून झाली. माझ्या कुंडीतलं झाड थंडीने मरायला टेकलं होतं आणि त्यांनी ते त्यांच्या उबदार पडवीत नेऊन वाचवलं. त्यांना जे दिसलं ते मला सांगायला त्यांनी त्यानंतर चार वर्षं घेतली.

नवरा गेल्यानंतरचा पहिला सप्टेंबर. दोघं दरवर्षी हकलबेरी वेचायला गिफर्ड पिंचो राष्ट्रीय जंगलात जायची, तशा त्या एकट्याच गेल्या. हकलबेरी म्हणजे आपल्या करवंदांची आठवण करून देणारं आंबटगोड जांभळं फळ. दुपारी एका जुन्या देवदाराच्या बुंध्याशी बसून डबा खायचा, हा त्या नवरा-बायकोचा रिवाज होता. बाईंनी सँडविच संपवलं, सफरचंद अर्धं खाल्लं आणि मान वर केली. समोरच्या फर झाडांमध्ये एक जास्तीचं झाड होतं. मग ते झाड चाललं. ओल्या कुत्र्याचा आणि खणलेल्या मातीचा वास आला. ते दोन झाडांमधून तिरकं गेलं, थांबलं, आणि खांद्यासकट वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय केलंत?"

"उरलेलं सफरचंद बुंध्यावर ठेवलं आणि उलट्या पावलांनी गाडीपर्यंत आले. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं ना द्यायला."

पुढच्या आठवड्यात त्या परत गेल्या. सफरचंद नव्हतं. त्या जागी तो काळा गोटा होता.

मला यात पहिल्यापासून महत्त्वाचं वाटलं ते त्यांचं ते वाक्य. द्यायला दुसरं काही नव्हतं. एवढ्या मोठ्या भीतीच्या क्षणी माणसाचा हात कॅमेऱ्याकडे जात नाही, पळायलाही सुचत नाही, आणि आपण कुणाच्या तरी दारात रिकाम्या हाताने आलो आहोत याची लाज वाटते. ही माझ्या ओळखीची लाज आहे. पाहुण्यांकडे जाताना पिशवीत दोन नारळ तरी टाकणाऱ्या घरात मी वाढले.

मी बाईंना माझं मत सांगून टाकलं. असा प्राणी असेल असं मला वाटत नाही. एवढ्या वर्षांत एक हाड नाही, एक दात नाही, रस्त्यावर गाडीखाली आलेला एक नाही. त्या रागावल्या नाहीत. "तू बुंधा बघायला येशील का?" एवढंच म्हणाल्या.

जाण्याआधी मी पुष्कळ वाचून काढलं. त्यात मला दोन प्रकारचे लोक दिसले. एक पुरावा मागणारे आणि एक देणारे.

मागणाऱ्यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. १९५८ साली उत्तर कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकजवळ जंगलातून रस्ता काढण्याचं काम चालू होतं. बुलडोझर चालवणाऱ्या जेरी क्रू यांना यंत्राभोवती सोळा इंच लांबीची पावलं दिसली. त्यांनी प्लास्टरचा ठसा घेतला, तो हातात धरलेला त्यांचा फोटो हंबोल्ट टाइम्समध्ये छापून आला आणि 'बिगफुट' हे नाव देशभर गेलं. २००२ मध्ये त्या कामाचे कंत्राटदार रे वॉलेस वारले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी कोरलेले लाकडी पाय बाहेर काढून दाखवले. मधल्या काळात, २० ऑक्टोबर १९६७ रोजी, त्याच ब्लफ क्रीकवर रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन यांनी मिनिटभराची ती फिल्म घेतली, जिच्यात एक केसाळ मादी चालता चालता वळून पाहते. तिच्यावर आजही भांडणं होतात. मी ती शंभर वेळा तरी पाहिली असेल. मला तो पोशाख घातलेला माणूसच वाटतो. तरी ते वळून पाहणं काळजात रुतून बसतं.

केस सापडले, ते तपासले गेले. १९७६ मध्ये आमच्याच नदीच्या पलीकडच्या द डॅल्स गावातून पीटर बर्न यांनी एफबीआयला कातड्याचा तुकडा लागलेले केस पाठवले. उत्तर आलं, हरणाचे. अलीकडे २०२४ मध्ये जर्नल ऑफ झूऑलॉजीत एक अभ्यास छापून आला. राज्याराज्यांतली काळ्या अस्वलांची संख्या आणि सास्क्वॉच दिसल्याच्या नोंदी ताडून पाहिल्या, तर दर हजार अस्वलांमागे नोंदी सरासरी चार टक्क्यांनी वाढतात. मागच्या पायांवर उभं राहिलेलं अस्वल संध्याकाळच्या उजेडात ज्याने पाहिलं आहे, त्याला हे पटायला जड जाऊ नये.

या मागणाऱ्यांपैकी एका माणसाविषयी मात्र मला माया वाटते. ग्रोव्हर क्रँट्झ, वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतले मानववंशशास्त्रज्ञ. एक मारून आणल्याशिवाय विज्ञान मानणार नाही, म्हणून एक मारावाच, असं ते उघड म्हणत. या एका ध्यासापायी त्यांनी सहकाऱ्यांचं हसू सोसलं. आयुष्यभर शोधलेली हाडं त्यांना मिळाली नाहीत. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा स्वतःची हाडं त्यांनी स्मिथसोनियनला दिली होती. त्यांच्या लाडक्या कुत्र्याच्या सांगाड्यासह ती तिथल्या संग्रहालयात मांडली गेली. शेवटी तेही देणाऱ्यांत जाऊन बसले.

देणाऱ्यांच्या गोष्टी शोधाव्या लागतात. अल्बर्ट ऑस्टमन नावाच्या लाकूडतोड्याने १९५७ साली सांगितलं की १९२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या टोबा इनलेटच्या डोंगरात, झोपण्याच्या पिशवीत असतानाच त्याला उचलून नेलं गेलं. नेणाऱ्याचं चार जणांचं कुटुंब होतं, आई-बाप आणि दोन पोरं. सहा दिवस तो त्यांच्यात राहिला. लोक या गोष्टीतला पकडून नेण्याचा भाग सांगतात. मला त्यातली तंबाखूची डबी आवडते. ओठाखाली धरायच्या तंबाखूची त्याच्याकडची रिकामी डबी त्याने थोरल्या पोराला दिली, ते पोर झाकण लावत-काढत बसलं, बापाला दाखवायला गेलं. पुढे बापाने भरलेली अख्खी डबीच तोंडात रिकामी केली, त्याच्या पोटात कालवलं, तो पाण्याकडे धावला आणि ऑस्टमन निसटला. हे खरं घडलं असं मी म्हणत नाही. पण हे सांगणाऱ्याच्या मनात 'तो' कुणासारखा होता? विडीकाडी मागून घेणाऱ्या, पोराबाळांत रमणाऱ्या शेजाऱ्यासारखा.

त्याच १९२४ सालच्या जुलैत आमच्या जवळच्या माउंट सेंट हेलन्सच्या उतारावर उलटा व्यवहार झाला. खाणीचा शोध घेणाऱ्या काही माणसांनी सांगितलं की त्यांच्यातल्या एकाने झाडाआडच्या 'वानरावर' गोळी झाडली आणि रात्रभर त्यांच्या लाकडी खोपटावर दगडांचा मारा झाला. त्या घळीला तेव्हापासून एप कॅनियन म्हणतात. बाईंना ही गोष्ट तोंडपाठ आहे. त्या म्हणतात, "गोळी दिली, धोंडे मिळाले. मी सफरचंद दिलं, मला गोटा मिळाला."

गोऱ्या लोकांच्या आधीपासून इथे राहणाऱ्यांकडे हा हिशोब फार जुना आहे. सास्क्वॉच हा शब्दच मुळात हॅल्कोमेलम भाषेतला. ब्रिटिश कोलंबियातल्या स्टसेलिस लोकांच्या वस्तीत शिकवणारे जे. डब्ल्यू. बर्न्स यांनी १९२९ साली एका कॅनडियन मासिकातून तो जगाला सांगितला. स्टसेलिस लोकांसाठी तो कुतूहलाचा प्राणी नाही. ते त्याला भूमीचा रखवालदार मानतात, या जगातून त्या जगात जाऊ-येऊ शकणारा. 'राखणदार' या शब्दाला याहून नेमका अर्थ वेंगुर्ल्यातल्या माझ्या आजीलाही सांगता आला नसता. आणखी वर, व्हँकूव्हर बेटाच्या उत्तर भागात, क्वाक्वाकावाक्व लोकांची झुनुक्वा आहे: रानातली केसाळ राक्षसीण, खोल गेलेले डोळे, हू-हू करणारे चंबू ओठ, पाठीवर पोरं पळवायची टोपली. आणि तीच धन देणारी. तिच्या घरातून वाचून परतणारा तांबं, कातडी, सुकवलेलं मांस घेऊन येतो. म्हणून तिचा मुखवटा पॉटलॅचमध्ये येतो, म्हणजे घरातलं वाटून टाकण्याच्या त्यांच्या मोठ्या सोहळ्यात. कॅनडा सरकारने १८८५ ते १९५१ पर्यंत पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली होती. दिल्याने माणूस मोठा होतो, हे त्या सरकारला समजलंच नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या शेजारच्या स्कमेनिया काउंटीबद्दल सांगायलाच हवं. १ एप्रिल १९६९ रोजी तिथल्या आयुक्तांनी सास्क्वॉचला मारणं हा गुन्हा ठरवला. पाच वर्षं कैद आणि दहा हजार डॉलर दंड. तारखेवरून लोक त्याला थट्टा समजतात. पण पावलांच्या बातम्या वाचून बंदुका घेऊन रानात शिरणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि त्यात कुणीतरी माणूसच मरेल ही भीती खरी होती. १९८४ मध्ये कायदा सुधारून शिक्षा सौम्य केली, संरक्षण मात्र काढलं नाही. जो आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही, त्याला आधी अभय द्यायचं आणि मग चर्चा करायची, हा क्रम मला फार आवडतो.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी आम्ही गेलो. स्टीव्हनसन गाव मागे टाकून गाडी उत्तरेला वळली आणि तासाभराने कच्च्या रस्त्यावर थांबली. तिथून वीस मिनिटं चालत.

बुंधा माझ्या खांद्याइतका उंच होता. घेर एवढा की चार माणसांनी हात धरले तरच पुरला असता. शंभरेक वर्षांपूर्वी हे झाड तोडताना लाकूडतोड्यांनी उभं राहायला फळ्या खोचल्या होत्या, त्यासाठी खोडात पाडलेल्या दोन खाचा अजून तशाच होत्या. लांबून त्या डोळ्यांसारख्या दिसतात. वर शेवाळ, आणि शेवाळातून उगवलेलं तांबड्या हकलबेरीचं एक झुडूप. मेलेल्या झाडाच्या डोक्यावर जिवंत झाड. पायथ्याशी, उत्तरेच्या बाजूला, बाईंनी साफ ठेवलेली हातभर जागा. तिथे आज काही नव्हतं.

"सफरचंद?" मी विचारलं.

"बंद केलं. बारा वर्षं झाली."

एका वर्षी सफरचंद ठेवून त्या वळल्या तोच खाली उताराला अस्वल उभं होतं. वाट बघत. त्या दिवशी त्यांच्या पोटात खड्डा पडला. माणसाच्या अन्नाला सोकावलेलं अस्वल वस्तीत येतं आणि शेवटी गोळी खातं, हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. वॉशिंग्टनमध्ये अस्वलांना असं खाऊ घालणं कायद्यानेही गुन्हा आहे. "मी त्याच्यासाठी ठेवत होते आणि मारत होते दुसऱ्यालाच," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्या खायचं काही नेत नाहीत. इथल्याच ओढ्यातला एक गोटा उचलतात, धुतात, पुसतात आणि त्या जागी ठेवतात. कधी तो तिथेच राहतो. कधी जातो. कधीतरी त्याच्या जागी दुसरं काही असतं.

या बदलाविषयी मला बाईंचा मनापासून आदर वाटतो. असं देणं चालू ठेवणारे इथे बरेच आहेत. शेंगदाण्याच्या लोण्याच्या बाटल्या, गोड पाव, काचेच्या गोट्या घेऊन ते रानात जातात. त्यांची श्रद्धा खरी आहे याबद्दल मला शंका नाही. पण ज्याला देतो त्याच्या घरात आणखी कोण राहतं, याची काळजी देणाऱ्याने करायलाच हवी. बाईंनी ती केली.

आता उंदराचं सांगते. या डोंगरात झुपकेदार शेपटीचा एक उंदीर राहतो, त्याला इथे पॅकरॅट म्हणतात, आणि दुसरं नाव आहे ट्रेड रॅट, म्हणजे अदलाबदल करणारा उंदीर. तो तोंडात काही घेऊन घरट्याकडे निघालेला असतो. वाटेत त्याहून मोहक काही दिसलं की तोंडातलं खाली ठेवतो आणि नवं उचलतो. खाणकामगारांचे चमचे नेऊन जागी लाकडाचा तुकडा ठेवणारा हाच. बाईंच्या बरणीतला नट, काच, बटण हे सगळं त्याचं काम असू शकतं. कावळेही असं करतात. २०१५ साली सिएटलमधली एक लहान मुलगी कावळ्यांना दाणे घालायची आणि ते तिला मणी, बटणं आणून द्यायचे, ही बातमी जगभर गेली होती.

हे बाईंना सांगावं की नाही, याचा मी आठवडाभर विचार केला होता. बुंध्याजवळ बसून शेवटी सांगितलं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मी त्या उंदराला इथेच पाहिलंय. गोंडस आहे. काही त्याचंही असेल. मी पावती मागत नाही."

मग त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे असं कुणी आहे का. मी म्हटलं, आहे. आणि आरवलीच्या वेतोबाचं सांगितलं.

वेंगुर्ला तालुक्यात, शिरोड्याजवळ आरवली. देवळात वेतोबा उभा आहे, नऊ फुटांच्या आसपास उंच, मिशा, मोठे डोळे, हातात तलवार. त्याला केळ्यांचा घड देतात आणि चपला देतात. चामड्याच्या, हातभर लांब, मुद्दाम करवून घेतलेल्या. कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, असं सगळा गाव मानतो. लहानपणी आजीने एकदा नवसाच्या चपला दिल्या होत्या. येताना ती माझा हात धरून पुटपुटत होती, "दमता रे बाबा, एकटोच फिरता." देवाची दमणूक बघून कळवळणारी ती एकच बाई मला तेव्हा जगात ठाऊक होती. बुंध्याशी बसलेली ही दुसरी.

बाईंनी सगळं ऐकलं. तू मानतेस का, असं त्यांनी विचारलं नाही. त्या जरा पुढे झुकल्या.

"कुठे झिजतात?"

"म्हणजे?"

"पुढे, मागे, कडेला? चालणाऱ्याचं सगळं तळव्यावर लिहिलेलं असतं. तू बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं. पंचवीस वर्षं मी त्या चपला पाहत होते, वर्णन करून सांगत होते, कॉलेजात असताना त्यावर वादही घातले होते. एकदाही वाकून नीट बघितलं नव्हतं. घरी येईपर्यंत मला त्याची खंत लागून राहिली.

मे महिन्यात मी गावी गेले तेव्हा घड घेऊन आरवलीला गेले. दुपारची वेळ, देवळात तुरळक माणसं. चपलांच्या जोड्या रांगेत होत्या, काही कोऱ्या करकरीत, काही काळवंडलेल्या. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारलं, हात न लावता जवळून बघितलं तर चालेल का. ते म्हणाले, "बघ गो, तेच्यासाठीच ठेयल्यानी." मी गुडघ्यावर बसले. जुन्या जोड्यांपैकी एकीचा अंगठा गडद झाला होता, शिवण उसवली होती. तळ बाजूने दिसत होता. पुढे चामडं जाड होतं, टाचेकडे येता येता पातळ होत गेलेलं, आणि अगदी मागे कड तिरकी उतरलेली. शेजारची जोडीही तशीच.

बाहेर येऊन घड्याळाचा हिशोब केला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, पण बाईंना झोप कमी. मी फोन लावला.

"टाचेकडून झिजल्यात," मी म्हटलं. "दोन्ही."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांचा आवाज, एकदम जागा.

"म्हणजे उतारावरून खाली येतो. देवळामागे डोंगर आहे का?"

मी वळून बघितलं.

"आहे," मी म्हटलं.